पाणीपातळीचे आकडे: फूट, इंच आणि दशांश चिन्ह

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. मात्र पावसाळ्यात ही पातळी आपल्यापर्यंत बहुधा छायाचित्राच्या किंवा मोबाईलवरील संदेशाच्या रूपात येते, आणि ज्यांना तिचा आलेख काढायचा असतो त्यांना ती हाताने टिपून घ्यावी लागते. हेच आकडे संबंधित यंत्रणेने जेसॉन (JSON, म्हणजे संगणक प्रोग्रामना थेट वाचता येईल अशी माहितीची ठरावीक मांडणी) फाइलच्या रूपातही खुले करावेत, अशी माझी मागणी आहे. पण ती करताना एका धोक्याकडे लक्ष वेधणे मला अधिक गरजेचे वाटते.

आपल्याकडे ३९ फूट १० इंच ही पातळी घाईत ३९.१० अशी लिहिण्याची सवय आहे. वाचणारा माणूस ती बरोबर समजून घेतो. परंतु हाच आकडा जेसॉनमध्ये संख्या म्हणून एन्कोड केला (लिहिला) आणि पायथन किंवा जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषांमध्ये डीकोड केला (परत वाचला) की शेवटचे शून्य गळून ३९.१ उरतो, म्हणजे दहा इंचांचा एक इंच होतो. परिणामी पाणी ३९ फूट ९ इंचांवरून इंचभर चढले, तर आलेखात मात्र ते ३९.९ वरून ३९.१ वर उतरलेले दिसते. यात प्रोग्राम कुठेही थांबत नाही, कसलीही सूचना देत नाही. पूर चढत असताना दशांश चिन्हाचा माग काढत बसायला कोणाला सवड असते? फूट आणि इंच या दोन स्वतंत्र पूर्णांक नोंदी ठेवाव्यात, किंवा सगळेच इंचांत मोजावे; मग इशारा पातळी ४६८, धोका पातळी ५१६ आणि वरील नोंद ४७८ इंच होते, आणि शंकेला जागा उरत नाही.

अंक देवनागरीत लिहिण्याचा मोहही येथे आवरावा लागेल, हे मराठीप्रेमी असूनही मला नमूद करावे लागते. जेसॉनच्या व्याकरणात संख्येसाठी केवळ 0 ते 9 हे इंग्रजी अंक चालतात. '४३' स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) म्हणून पाठवले, तर पायथन तिचे पूर्णांकात रूपांतर करताना ४३ देते, पीएचपी ही दुसरी प्रोग्रामिंग भाषा मात्र निमूटपणे शून्य देते.

गावांची नावे मात्र देवनागरीतच हवीत. पायथनचे जेसॉन मॉड्यूल (जेसॉन लिहिण्या-वाचण्याचा तयार भाग), जे २००८ पासून भाषेसोबतच मिळते, वेगळे सांगितले नाही तर 'चिखली' हे नाव उलट्या तिरक्या रेघा, यू हे अक्षर आणि चार-चार अंकाक्षरे अशा सांकेतिक रूपात लिहिते. ते पाहून फाइल बिघडली असे समजून ती टाकून देणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. वास्तविक त्यात काहीही हरवलेले नसते, डीकोड केल्यावर नाव जसेच्या तसे परत येते. फरक एवढाच की पाच चिन्हांच्या (च, ि, ख, ल, ी) या नावाला युटीएफ-८ मध्ये, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, १५ बाइट (साठवणीची एकके) लागतात, तर सांकेतिक रूपात ३०. अक्षरे मूळ रूपात ठेवण्याचा पर्याय पायथनमध्ये आहे आणि पीएचपीमध्येही ५.४ या आवृत्तीपासून आहे. शिवाय वेगवेगळ्या यंत्रणांमध्ये जेसॉनची देवाणघेवाण युटीएफ-८ मध्येच व्हावी, असे २०१७ चे प्रमाणक सांगते.

रात्री एखाद्या तासाला नोंद झालीच नाही, तर तेथे शून्य न लिहिता 'नल' (null, म्हणजे 'माहिती नाही') लिहावे, नाहीतर आलेखात नदी कोरडी पडेल. जेसॉनमध्ये तारखेसाठी स्वतंत्र प्रकार नाही, त्यामुळे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस हाच क्रम ठरवून द्यावा. ०५/०८ म्हणजे पाच ऑगस्ट की आठ मे, हे पुराच्या नोंदीत संदिग्ध राहून चालणार नाही. हे सर्व नियम फाइलसोबतच मराठीत एका पानावर छापावेत आणि जूनपूर्वी जाहीर करावेत, ही विनंती.

आपला,
एक संगणक प्रशिक्षक, कसबा बावडा, कोल्हापूर