सूचना: नवीन घर, वीजमीटर आणि गॅस

सभासदहो, नमस्कार. आपल्या विश्रामबागेतल्या सोसायटीत नव्याने आलेल्यांनी वीजमीटर लगेच आपल्या नावावर करून घ्यावा. सांगलीत घरगुती वीज महावितरणचीच, कंपनी निवडायची सोय नाही. म्हणून आधी जुनी थकबाकी बघा. बिलावरच्या 12 अंकी ग्राहक क्रमांकावरून ती समजते. किल्ली हातात येताच मीटरच्या आकड्यांचा फोटो काढा. आम्ही काढला नव्हता, तर आधीच्या मालकांचं दोन महिन्यांचं बिल आम्हाला भरावं लागलं. फार मनस्ताप झाला. नावबदलासाठी जुन्या मालकांची सही व्यवहाराच्या दिवशीच घ्या, नंतर माणूस भेटत नाही.

गॅसची एजन्सी मात्र बदलता येते; त्याच कंपनीची जवळची एजन्सी ऑनलाइन निवडा.

अर्ज जमत नसेल तर रविवारी सकाळी 10 वाजता ऑफिसात या, मी भरून देते.

– सचिव