मागणी व्यवस्थापनात कृषिपंप कुठे आहे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सौरवीज ग्रिडमध्ये सामावून घेणे आणि मागणीचे व्यवस्थापन यांवरील संशोधनाचा आपल्या कालच्या अंकातील लेख मी दोनदा वाचला. वीज मुबलक असेल त्या वेळेकडे वापर वळवावा, ही कल्पना त्यात नवी म्हणून मांडली आहे आणि उदाहरणे कारखान्यांची व शहरी घरांची दिली आहेत. कृषिपंपाचा साधा उल्लेखही नाही, याचे वाईट वाटले. महाराष्ट्रातील शेतकरी हे काम कित्येक वर्षे करीत आला आहे, तेही रात्री जागून.

रात्री मागणी उतरली तरी औष्णिक संच लगेच बंद करता येत नाहीत. म्हणून आमच्या शिवारात आठवड्यातील काही दिवस पंपाला लागणारी थ्री फेज वीज रात्रीच येई. अकोले तालुक्यातील घाटघरचा 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्पही याच हिशेबाने उभा राहिला : शिल्लक विजेवर पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडायचे. तिथे ते काम यंत्रे करतात. आमच्याकडे माझे वडील पौषाच्या थंडीत रात्री दोन वाजता, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात फावडे घेऊन, गव्हाला पाणी द्यायला, दारे धरायला जात आणि ते परत येईपर्यंत आई दाराला कडी घालत नसे. भाग बिबट्याचा आहे.

अंधारात मोटार चालू करायला जावे लागू नये म्हणूनच शेतकऱ्यांनी वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच बसवले. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. वीज येताच सगळ्या मोटारी एकदम उठल्या की डीपी, म्हणजे शिवारातले रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), जळते. गेल्या हिवाळ्यात आमची अशीच जळाली. संबंधित कार्यालयाने आधी ऑटो काढायला लावले, मग थकबाकी भरायला सांगितले, आणि नवी डीपी अकराव्या दिवशी बसली. तोवर ऐन पोसण्याच्या अवस्थेतील कांद्याने माना टाकल्या होत्या. एका डीपीवरच्या मोटारी दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुरू करणारे स्वस्त उपकरण, हाही मागणी व्यवस्थापनाचाच प्रश्न आहे आणि त्यावर संशोधकांनी काम करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता सौरविजेमुळे शिल्लक वीज दुपारी असते. केंद्राच्या 2023 च्या नियमांनी सौर तासांत किमान 20 टक्के स्वस्त दर ठरवला, पण त्यातून कृषी ग्राहक वगळले. 2017 पासूनच्या सौर कृषी वाहिनी योजनेमुळे जिथे दिवसा वीज मिळू लागली, तिथला शेतकरी रात्री घरी झोपतो. ही मोठी गोष्ट आहे. ती शेतीला वीज पुरवणाऱ्या प्रत्येक वाहिनीपर्यंत (फीडरपर्यंत) केव्हा पोहोचेल, हे आपल्या वार्ताहराने विचारायला हवे होते.

आणखी एक. लेखात मेगावॉट आणि युनिट यांची सरमिसळ झाली आहे. 250 मेगावॉट ही क्षमता आहे. तो प्रकल्प पूर्ण क्षमतेने सहा तास चालला, तर 15 लाख युनिट वीज होते. बिल भरणाऱ्या प्रत्येक वाचकाला हा फरक कळतो. कृपया दुरुस्ती छापावी.

आपला,
एक शेतकरी वाचक, संगमनेर तालुका