ब्लॉक की रनडाऊन?

छत्रपती संभाजीनगर,
१४ मे

प्रिय दिग्या,

एवढे दिवस कुठं मेला होतास म्हणशील, म्हण. आईचा गुडघा तसाच, बाकी बरं. हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून तुला लिहायलोय.

ते नॅव्ह १.८ वरचं (वेदनेच्या नसांतला सोडियम चॅनेल) नवं संयुग, पेशीला पिपेट लावून तपासतोय ते. १० मायक्रोमोलरला करंट निम्म्यावर येतो, तर सर म्हणायलेत, 'चॅनेल बंद करतं' असं लिहून टाका. ट्रेस, म्हणजे करंटचे आलेख, देखणे आहेत रे. पण नुसतं डीएमएसओ (संयुग ज्यात विरघळवतो ते) दिलेल्या पेशीतही दहा मिनिटांत करंट आपोआप घसरतोच, तेच रनडाऊन, आणि तशा तुलनेच्या पेशी, म्हणजे कंट्रोल, बोटांवर मोजण्याइतके. १० मिलिमोलर स्टॉक हजारपट पातळ केला की ०.१ टक्का डीएमएसओ येतं. तेवढंच कंट्रोललाही हवं, आणि तेवढाच वेळ.

त्यात अॅक्सेस, म्हणजे पिपेटच्या तोंडाशी होणारा विद्युतरोध. सुरुवातीला ५ मेगाओहम, पिपेटचं तोंड तुंबत गेलं की १०. यंत्राचं ८० टक्के कॉम्पेन्सेशन (भरपाई) धरलं तरी २ उरतात. ५ नॅनोअँपिअरला १० मिलिव्होल्टचा घोळ. औषधाचा त्यात काय दोष? वर हा मे! ५० हर्ट्झची गुणगुण नको म्हणून एसी बंद; मग डिशमधलं पाणी उडतं, ऑस्मोलॅरिटी (द्रावाचा दाटपणा) चढते, पेशी आक्रसतात, पिपेट-पेशीचं सील सुटतं.

वॉशआऊट होत नाही, धुतलं तरी परिणाम जात नाही, म्हणजे 'घट्ट बसलं', असंही नाही. चरबीत विरघळणारी संयुगं प्लॅस्टिकच्या नळीला चिकटतात आणि पुढच्या डिशमध्ये उतरतात. टेफ्लॉनच्या नळीचा कागद अजून टेबलं फिरायलाय.

खरा निकाल व्होल्टेज-पल्सच्या रांगेत लागेल. टीटीएक्स (नॅव्ह १.७ सारखे चॅनेल अडवणारं विष) ३०० नॅनोमोलर, नाहीतर १.७ चा करंट मिसळतो. उणे ७० मिलिव्होल्टला धरायचं, ० वर पल्स. लिडोकेनच्या (बधिर करायचं औषध) जातीचं असेल तर पल्सागणिक ब्लॉक वाढेल. सुझेट्रिजिनच्या जातीचं असेल (अमेरिकेत जानेवारी २०२५ ला मंजूर झालं ते वेदनाशामक) तर उलट: ते बंद चॅनेलचा दुसरा व्होल्टेज-सेन्सर धरून बसतं, वारंवार डिपोलराइज केलं, म्हणजे व्होल्टेज वर नेलं, की सैल पडतं. रनडाऊन असं परत फिरत नाही. फक्त १.८ स्वतःही रांगेत दमतो, म्हणून तीच रांग डीएमएसओवरही हवी.

आणि पिपेटच्या द्रावातलं तुझं ते फ्लोराइड! सील सुरेख जमतं, मान्य. पण गेटिंग (चॅनेल कुठल्या व्होल्टेजला उघडतो-मिटतो ते) सरकतं, हे मी आजही म्हणणार. भांड खुशाल.

लातूरची बदली, पोरीची दहावी, सगळं फोनवर. वहिनींना नमस्कार. ट्रेस पाठवायलोय, आधी अॅक्सेस बघ, करंट नंतर. सोमवारच्या मीटिंगआधी सांग, डीएमएसओच्या आणखी पेशी मागू की नको.

तुझा,
बाळ्या