रोज लिहिलं की ब्लॉग चालतो, हे कोणी सांगितलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत यशस्वी ब्लॉग कसा लिहावा यावर अर्धं पान आलं होतं, ते वाचून हे पत्र. रोज एक पोस्ट टाका, ट्रेंडिंग विषय पकडा, कीवर्ड (लोक गूगलवर शोधतात ते शब्द) पेरा, फॅमिली ग्रुपपासून सगळीकडे लिंक फिरवा आणि तीन महिन्यांत कमाई चालू, असा एकूण सूर. इतकं सोपं असतं तर अर्धं कोथरूड नोकरी सोडून घरी ब्लॉगच लिहीत बसलं असतं. मी स्वतः हाउसिंग सोसायट्यांच्या भानगडींवर ब्लॉग लिहिते, मेंटेनन्स, पार्किंग, वरच्या मजल्यावरून होणारं लिकेज, कन्व्हेयन्स (बिल्डरकडून जागा सोसायटीच्या नावावर करून घेणं), विषय म्हणून विचाराल तर एकदम रटाळ, माझ्या घरचेसुद्धा वाचत नाहीत, पण बाहेरचे वाचतात, आणि का वाचतात ते त्या अर्ध्या पानात कुठेच नव्हतं म्हणून म्हटलं लिहावं.

मुळात ब्लॉगवर माणूस येतो तो सहसा अडलेला असतो म्हणून. पेपर सकाळी चहाबरोबर चाळायचा असतो, आजचा आज वाचून होतो. ब्लॉगचं तसं नाही, तिथे कोणीतरी रात्री साडेअकराला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडून घरी आल्यावर, मोबाईलवर काहीतरी टाईप करतो आणि त्याला उत्तर पाहिजे असतं, तुमचं रोजचं दर्शन नको असतं. तेव्हा महिन्यात दोनच लिहा पण असं लिहा की दोन-तीन वर्षांनी पण ते कोणाच्या तरी कामाला येईल. रोज लिहायच्या नादात लोक काय करतात, तर आज महिला दिन, उद्या होळीच्या शुभेच्छा, परवा उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या, आणि पावसाळा येईपर्यंत ब्लॉग बंद. असे बंद पडलेले मराठी ब्लॉग पैशाला पासरी आहेत, उघडून बघावं तर शेवटची पोस्ट "बरेच दिवस लिहिणं झालं नाही, आता नियमित लिहीन".

विषय जितका चिंचोळा तितका बरा, असं माझं मत. पुण्यात ट्रेकिंगवर लिहिणारे काय कमी आहेत का, पण राजगडावरची पोस्ट उघडली की सह्याद्रीच्या कुशीत, महाराजांच्या पदस्पर्शाने पावन वगैरे वगैरे, तीन परिच्छेद झाले तरी आपण अजून स्वारगेटलाच. अहो, राजगड महान आहे हे वाचणाऱ्याला माहितीये म्हणून तर तो निघालाय! त्याला विचारायचंय की बरोबर आई आहे, गुडघे दुखतात, तर कुठून चढू. पाली दरवाजाकडून पायऱ्या आहेत, वाट रुंद आणि त्या मानाने सोपी, गुंजवण्याकडून चोरदरवाज्याची वाट उभ्या चढाची आणि वरच्या टप्प्यात रेलिंग धरून जायची. एवढं एक वाक्य पहिल्या चार ओळींत आलं तर त्या माणसाचा रविवार वाचतो, आणि पुढच्या खेपेला तोरण्याला जाताना तो तुमचाच ब्लॉग शोधत येतो. पदस्पर्श खाली लिहा हवा तर, कोण नाही म्हणतंय.

मथळ्याचं पण तेच. आमच्या क्षेत्रातलं उदाहरण देते म्हणजे कळेल. समजा मथळा दिला "सोसायटी आणि आपण : एक चिंतन". छान वाटतं, दिवाळी अंकात शोभेल, पण जगात कोणीही हे शब्द गूगलमध्ये टाईप करणार नाही. आता हे बघा, "फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटी किती जादा पैसे घेऊ शकते?" लोक हे असंच बोलतात आणि आता बरेच जण फोनला बोलूनच विचारतात, टाईपसुद्धा करत नाहीत. आणि उत्तर शेवटपर्यंत लपवून ठेवू नका, पहिल्याच ओळीत द्या: सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि हे मोजताना महापालिकेचा टॅक्स धरायचा नाही. मग खाली सविस्तर या की, शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे, तो काय म्हणतो, मुलगा-मुलगी राहत असतील तर हे चार्जेस लागतच नाहीत, सेक्रेटरी ऐकत नसेल तर अर्ज कुठे करायचा, अर्जाचा नमुना. लोकांना भीती वाटते की उत्तर आधीच दिलं तर माणूस निघून जाईल, उलट पहिल्या ओळीत खरं उत्तर दिसलं की त्याचा विश्वास बसतो आणि तो खाली उतरतो. तुमच्या अर्ध्या पानात लिहिलं होतं की वाचकाची उत्सुकता ताणून धरा, ते रहस्यकथेला ठीक आहे हो.

कीवर्ड पेरा म्हणजे काय ते मला आजवर कळलेलं नाही, म्हणजे कळतं पण ते वाचवत नाही, "पुण्यातील बेस्ट मिसळ शोधत असाल तर पुण्यातील बेस्ट मिसळ कुठे मिळते ते पुण्यातील बेस्ट मिसळ या लेखात पाहू". असं कोणी तोंडाने बोललं तर आपण त्याला डॉक्टरकडे नेऊ. मिसळीवर लिहायचंच तर रस्सा जादा मिळतो का, दुपारी किती वाजता संपते, गाडी कुठे लावायची हे लिहा.

आता मराठीत लिहिणाऱ्यांसाठी काही खास गोष्टी, ज्या इंग्रजी टिप्सचं भाषांतर करणाऱ्यांना माहितीच नसतात. एक तर युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर-कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं नीट दिसतात ती टाईप करायची पद्धत. अजूनही पुष्कळ ज्येष्ठ मंडळींकडे आणि डीटीपीवाल्यांकडे जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं चांगलं चांगलं लिखाण पडून आहे, ते कॉपी करून ब्लॉगवर टाकलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, मग वैतागून ते लोक पानाचा फोटो टाकतात आणि त्या फोटोतला मजकूर शोधात सापडायची आशा फारच कमी. कन्व्हर्टर फुकट मिळतात, एकदा बसून सगळं युनिकोडमध्ये करून घ्या, जोडाक्षरं तेवढी डोळ्यांखालून घाला कारण तिथे हमखास मोडतोड होते.

दुसरं म्हणजे लिंक. हे मी फार जणांना सांगते आणि कोणी मनावर घेत नाही. ब्लॉगर या गूगलच्या फुकट सेवेवर तुम्ही मथळा देवनागरीत दिलात की ती पोस्टचा पत्ता स्वतः बनवते आणि त्यात नुसतं ब्लॉग-पोस्ट आणि पुढे एखादा आकडा येतो, म्हणजे तुमच्या राजगडाच्या आणि कांदेपोह्यांच्या पोस्टला एकसारखंच नाव. वर्डप्रेस या दुसऱ्या सेवेवर उलटी तऱ्हा, तिथे पत्ता देवनागरीत बनतो पण व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणा, अक्षरं, आकडे अशी चार-पाच ओळींची माळ दिसते आणि समोरच्याला वाटतं की हे काहीतरी बँक रिकामी करणारं प्रकरण आहे, तो उघडतच नाही. दोन्हीकडे पब्लिश करायच्या आधी पर्मालिंक, म्हणजे पोस्टचा हा पत्ता, हाताने बदलता येते, रोमन अक्षरांत तीन-चार शब्द लिहायचे, rajgad-pali-darwaja-vaat, झालं. नंतर बदलू नका मात्र, जुन्या लिंका मरतात.

आणि परिच्छेद. मराठी ब्लॉग वाचणारा बहुतेक मोबाईलवर वाचतो, पुष्कळदा पीएमपीच्या बसमध्ये उभ्याने एका हातात दांडा धरून, त्याला स्क्रीनभर एकच परिच्छेद दिला तर तो अंगठ्याने सरकवून पुढे जातो. (माझं हे पत्र ब्लॉगवर टाकलं तर मीच पंचवीस तुकडे करीन.) फोटो स्वतः काढलेलेच वापरा, आणि वापरायच्या आधी बारीक करून घ्या, फोनचा पाच-सहा एमबीचा फोटो तसाच टाकला तर वेल्ह्यात रेंज शोधणाऱ्याला काय दिसणार, पांढरं पान.

भाषेचं काय, हे विचारणारे पण असतात. साहित्यिक व्हायची गरज नाही, पण इंग्रजी लेख भाषांतराच्या मशीनमधून काढून टाकणं हे तर अजिबात नको. हल्ली एआयला सांगून दिवसाला दहा-दहा पोस्ट पाडणारे निघालेत. वाचताना लगेच कळतं, सगळी वाक्यं इस्त्री केलेली आणि माहिती शून्य. गूगलने शोधाचा दर्जा तपासणाऱ्यांसाठीच्या सूचनांत डिसेंबर २०२२ मध्ये लिहिणाऱ्याचा प्रत्यक्ष अनुभव हा मुद्दा घातला आणि मार्च २०२४ मध्ये नुसतं शोधात वर दिसण्यासाठी घाऊक मजकूर पाडण्याविरुद्ध नियम केला. तो किती पाळला जातो हा वाद वेगळा, पण तुम्ही स्वतः सहकारी संस्थांच्या निबंधकाच्या ऑफिसात जाऊन अर्ज दिलाय, कुठल्या खिडकीत, बरोबर कुठले कागद लागले, हे कुठलं मशीन सांगणार? तेच लिहा.

खरं तर आपल्याकडे याची उत्तम परंपरा आहे आणि ती पुण्याच्याच माणसाची आहे. लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रं लिहीत होते, शंभराच्या वर झाली ती. तेव्हा वय पंचवीस. टोपणनाव घेतलेलं, प्रत्येक पत्र छोटं, एका पत्रात एक विषय, साधं बोलल्यासारखं गद्य, आणि मत असं सडेतोड की आजही वाचताना चटका बसतो. कोणाला खूश करायला लिहिलेलं नाही आणि नुसतं कोणाला डिवचायला पण नाही. ब्लॉगच्या वर्कशॉपला हजारो रुपये भरण्यापेक्षा त्यातली आठ-दहा पत्रं वाचा आणि बघा, सुरुवात करताना तो माणूस किती कमी वेळ घालवतो.

पैशांबद्दल स्पष्टच बोलते कारण त्या अर्ध्या पानात त्याच्यावरच भर होता. ॲडसेन्स या गूगलच्या जाहिरात-सेवेच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, जाहिराती लावता येतात. पण दहा डॉलर जमल्यावर घरच्या पत्त्यावर पोस्टाने पत्ता पडताळायचा पिन येतो, तो खात्यात टाकायचा, आणि शंभर डॉलर झाल्याशिवाय बँकेत काही येत नाही. मराठी पानावरच्या क्लिकला इंग्रजीच्या मानाने पैसे कमीच मिळतात, त्यामुळे हे शंभर व्हायला नव्या ब्लॉगला तीन महिने कसले, बरेचदा वर्ष पण पुरत नाही. ज्यांना पैसे मिळतात त्यांना पुष्कळदा दुसऱ्या दाराने मिळतात, कोणाला लेखाचं काम मिळतं, कोणाला क्लास चालवता येतो, कोणाच्या मसाल्यांच्या ऑर्डरी वाढतात. आणि एखाद्या कंपनीने फुकट मिक्सर पाठवला म्हणून त्याच्यावर लिहिणार असाल तर तसं वरच लिहा, जाहिरातींच्या मानक परिषदेची २०२१ पासूनची नियमावलीच आहे तशी, आणि नियम नसता तरी वाचक काय बावळट आहे का.

जुन्या पोस्ट दुरुस्त करणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. नियम बदलतात, बसचा मार्ग बदलतो, फी वाढते. बदल केला की वर तारीख टाकायची, अमुक महिन्यात तपासलं म्हणून. मराठीत नेटवर माहितीची बोंब असते त्यातली अर्धी बोंब ही की माहिती असते पण ती कुठल्या सालची ते कळायला मार्ग नसतो.

बॅकअप घ्या, सेटिंगमध्ये बटण असतं, दोन मिनिटांचं काम. गूगलच्याच सोशल साइट बघा, ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये गेलं आणि जाताना ब्लॉगरवरच्या लोकांचे त्यामार्फत आलेले सगळे प्रतिसाद घेऊन गेलं. जमलं तर स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे स्वतःचा वेब-पत्ता, घ्या, उद्या एक दुकान बंद झालं तर पत्ता तोच ठेवून दुसरीकडे जाता येतं.

आता शेवटचं, आणि हे थेट तुमच्याकडे. ब्लॉगवरचं लिखाण नाव काढून व्हॉट्सॲपवर फिरतं ते फिरतं, त्याला आता कोण अडवणार, पण छापील पेपरांच्या पुरवण्यांमध्ये पण "इंटरनेटवरून साभार" एवढंच लिहून आख्खे परिच्छेद येतात. इंटरनेट हा काही माणूस नाही साभार मानायला. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, लिहिलं की हक्क आपोआप लिहिणाऱ्याचा होतो, त्यासाठी कुठे नोंदणी लागत नाही, आणि हे तुमच्या डेस्कवर सगळ्यांना माहिती असणार. तेव्हा माझी मागणी एवढीच की ब्लॉगवरून काही घ्यायचं असेल तर आधी ईमेल करून विचारा, ब्लॉगचं नाव छापा आणि वेबसाइटवरच्या आवृत्तीत चालू लिंक द्या, नुसतं नाव नको, लिंक. पुढच्या वेळी ब्लॉगवर अर्धं पान काढाल तेव्हा टिप्सऐवजी पुणे जिल्ह्यातल्या चालू मराठी ब्लॉगांची यादी छापलीत तरी चालेल, शेती, वाड्यांचा इतिहास, पक्षी, स्वयंपाक, सगळं लिहिणारे आहेत इथे. माझं नाव त्यात नसलं तरी हरकत नाही, सोसायटीवाले मला शोधत येतातच.

आपली,
एक ब्लॉग लिहिणारी वाचक
सिंहगड रोड, पुणे