डॉक्टर मॅडम, तुम्ही ‘सवय होईल’ म्हणाला नाहीत

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते. युनिफॉर्म शिवणारा पेशंट म्हटलं की ओळखालच. काल रात्री उजव्या बाजूनं कडक भाकरी खाल्ली, शेंगा चटणी लावून, बायको हळू हळू म्हणत होती तर मुद्दाम कडकडा आवाज करत खाल्ली. ती बाजू कित्येक महिने बंदच होती, म्हणून आज हे टाईप करतोय.

आधी जिथं रूट कॅनाल करून कॅप बसवली तिथली गोष्ट तुम्हाला माहितीय, पण लोकांनाही कळू दे. कॅप बसवल्यापासून तोंड मिटलं की पहिली ती दाढ टेकायची, बाकीचे दात मागनं. सांगितलं तर म्हणाले सवय होईल. परत गेलो तर परत तेच. शेवटी म्हणाले नस काढलीय, त्या दाताला दुखायचा संबंधच नाही, तुमच्या मनात आहे सगळं. मग मनातलं दुखणं बरोबर घास चावला की कसं उठतं बुवा? दोस्तही म्हणायला लागला, काय बे, एका दाढेचं किती लावून धरतो. पुढं कॅपवरचा पांढरा टवका उडाला, आतलं मेटल दिसायला लागलं, तेव्हा कुठं घरच्यांचा विश्वास बसला.

तुम्ही पहिल्यांदा एवढंच म्हणालात, “दुखणारच.” दाताच्या आतली नस काढली तरी मूळ हाडाला धरून ठेवणारे बारीक धागे जिवंत असतात, कॅप केसाएवढी जरी उंच राहिली तरी त्यांना कळतं, प्रत्येक घासाला ते चेंगरतात. मला त्या खुर्चीतच निम्मं बरं वाटलं, खोटं सांगत नाही.

जुनी कॅप कापून काढली, दाढ आतनं शाबूत निघाली, माप घेतलं, झिरकोनियाची, म्हणजे आत मेटल नसलेली पांढरी, नवी आली, ते सगळं सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते नवी कॅप बसवली त्या दिवसाचं. तो निळा कागद दातात धरून चावायला लावलात, डाग पडला तिथं जरासं घासलंत, परत कागद, परत घासणं. बाहेर पेशंट बसलेले, फोन वाजतोय. मी आपलं संकोचानं म्हटलं, झालं मॅडम, चालेल. तर तुम्ही खुर्ची सरळ केलीत, मला उठून ताठ बसवलंत आणि म्हणालात, “झोपून कोण जेवतं? आता बसून चावा. भाकरी कुठल्या बाजूनं फोडता?” आणि खरंच, बसल्यावर मागच्या कोपऱ्यात अजून एक निळा ठिपका उमटला. तो घालवलात. मग आतल्या ताईंना म्हणालात, यांना घाई करू नका, बाहेर एक चक्कर मारून येऊ दे, मग सांगतील. मॅडम, तेवढी चक्कर मारताना माझे डोळे भरून आले होते, रस्त्यावर लोक बघत होते, म्हटलं बघू देत.

आमच्या धंद्यात शर्ट काखेत ओढत असेल तर गिऱ्हाईकाला ‘सवय होईल’ म्हणायची सोय नाही, उसवून परत शिवून द्यावा लागतो, आणि इथं तर तोंडातली वस्तू, रात्रंदिवस तिथंच राहणारी! तुम्ही ट्रायल घेतलीत, बाकी काय वेगळं केलंत? पण तेवढंच कुणी करत नाही ना. आमच्या गल्लीच्या तोंडाला एक पंक्चरवाला आहे, ट्यूबला भोक सापडलं नाही तर हवा भरून देतो आणि पैसे घेत नाही, तोही याच जातकुळीचा. अशा माणसांवरच आपल्या सोलापूरचं चाललंय, बोर्डावरच्या मोठमोठ्या डिग्र्यांवर नाही. राग नका मानू, डिग्री तुमचीही मोठीच आहे.

एक राहिलं. तुमच्या त्या ताईंचा ॲप्रन खांद्यातनं उतरतो, सारखा वर ओढत असतात. माप मी नजरेनं घेतलंय, कापड कापून ठेवलंय, सोमवारी पोरगा आणून देईल. ट्रायल मात्र घ्यायला लावा, कुठं ओढत असेल तर लगेच परत पाठवा. आणि पैशाचं विचारू नका.

तुमचा पेशंट,
उजवी खालची दाढ