सालीची पूड आणि उजनीचं पाणी

महोदय,
पावसाळा आला की उजनी धरणातून काही दिवसांआड येणारं, पिंपात साठवलेलं पाणी आणि घरोघरी जुलाब, हे सोलापूरकरांना नवं नाही. आमच्या आजीच्या फळीवर डाळिंबाच्या वाळलेल्या सालींचा पत्र्याचा डबा असायचा. साल सहाणेवर उगाळून ताकातून द्यायची. जीभ अशी आकसायची की बोलता येत नसे! ती तुरट चव सालीतल्या टॅनिन या द्रव्याची. सालीच्या अर्काने जिवाणूंची वाढ रोखली जाते, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. जिवाणूंमुळे उंदरांच्या आतड्याला होणारी इजाही कमी झाली. पण उंदीर म्हणजे आपला नातू नव्हे. रक्त पडत असेल, ताप असेल तर डॉक्टरच गाठावा आणि ओआरएस आधी सुरू करावं. काही जण झाडाच्या मुळाची सालही उकळतात; ती विषारी ठरू शकते.

सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तरी डाळिंबाचा रस विकणाऱ्यांकडच्या साली दुपारपर्यंत उकिरड्यावर. या सालींच्या औषधी उपयोगाची माणसांवर नीट चाचणी इथेच का होऊ नये? आणि तोवर महापालिकेने निदान पाणी तरी रोज द्यावं.

– एक वाचक, जुळे सोलापूर