नकाशातली अक्षरे फाइलबरोबर जात नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका कॅड, म्हणजे संगणकावर नकाशे काढण्याच्या, प्रोग्राममध्ये केलेला नकाशा दुसऱ्यात उघडला की अक्षरे फुगतात, आकसतात, मापरेषेवर चढतात. दोष नव्या प्रोग्रामवर टाकला जातो. पण डीडब्ल्यूजी किंवा डीएक्सएफ या प्रकारच्या नकाशा-फाइलमध्ये फाँट नसतोच. असते ते फाँटचे नाव, उंची, रुंदीचे प्रमाण आणि कल. तो फाँट समोरच्या संगणकावर नसला की प्रोग्राम दुसराच लावून मोकळा होतो. ऑटोकॅड या प्रोग्राममध्ये हा बदली फाँट ‘फाँटऑल्ट’ या सेटिंगवरून ठरतो. लिब्रेकॅड हा दुसरा प्रोग्राम तर एलएफएफ हे स्वतःचेच फाँट वापरते. एकेरी रेघांच्या एसएचएक्स फाँटऐवजी भरीव ट्रूटाइप फाँट आला की उंची तीच राहूनही ओळीची लांबी बदलते आणि परिच्छेद नको तिथे मोडतो.

उंचीचा घोळ वेगळा आहे. कॅडमध्ये उंची म्हणजे इंग्रजी कॅपिटल अक्षराची उंची, तर छपाईच्या प्रोग्राममध्ये आकार म्हणजे फाँटची पूर्ण चौकट. एरियलचे कॅपिटल या चौकटीच्या साधारण ०.७२ पट असते. रूपांतरात ही गल्लत झाली तर ३.५ मिमीचे अक्षर २.५ मिमीचे होते, म्हणजे आयएसओ ३०९८ या आरेखनातील अक्षरांच्या मानकामधल्या उंचीच्या बरोबर एक पायरी खाली. म्हणून ते चुकलेले वाटतही नाही! अंदाज न करता कॅपिटल ‘एच’ मोजावा. सगळीकडे हेच गुणोत्तर सापडले तर दुखणे उंचीच्या व्याख्येत आहे, फाँट बदलून ते जाणार नाही.

टेक्स्ट स्टाइल (फाँट, उंची यांची नाव देऊन ठेवलेली नोंद) बदलूनही काही ओळी ढिम्म राहतात. एमटेक्स्टमध्ये, म्हणजे अनेक ओळींच्या मजकुरात, फाँट मजकुराच्या आतही नोंदवता येतो आणि तो स्टाइलवर मात करतो. आधी ‘रिमूव्ह फॉरमॅटिंग’ करावे.

सगळ्यात धोक्याचे म्हणजे चिन्हे. व्यास, अंश, अधिक-उणे ही चिन्हे बदली फाँटमध्ये नसली तर तिथे प्रश्नचिन्ह किंवा रिकामा चौकोन येतो. व्यासाचे चिन्ह गेले की उरतो नुसता आकडा, आणि तो कशाचा हे वाचणाऱ्याने ठरवायचे. देवनागरीत तर जुन्या, युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत) नसलेल्या फाँटमधला मजकूर मुळात इंग्रजी अक्षरेच असतो. फाँट नसला की तीच उघडी पडतात. युनिकोड वापरूनही अक्षरजोडणीची सोय नसलेल्या प्रोग्राममध्ये ‘जिना’मधली वेलांटी ‘ज’च्या आधी न येता नंतर पडते.

नकाशे पाठवणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती: डीडब्ल्यूजीसोबत फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्यावी आणि मापे त्यावरूनच वाचावीत असे कळवावे. ऑटोकॅडमध्ये ‘ईट्रान्समिट’ (नकाशा आणि त्याला लागणाऱ्या फाइली एकत्र बांधणे) करताना फाँट घेण्याच्या पर्यायावर खूण करावी. विकतच्या फाँटचा परवाना मात्र आधी पाहावा. अक्षरांच्या रेषा करून टाकणे हा शेवटचा उपाय, तोही प्रतीवरच, कारण मग मजकूर शोधता येत नाही आणि दुरुस्तही होत नाही.

– एक आरेखक